मळ्यातल्या शेरूला लस किती वर्षांनी?

प्रश्न: केळीच्या बागेत राखणीला आमचा शेरू असतो. दोन वर्षांपूर्वी त्याला रेबीजची लस दिली. मुलगा म्हणतो, डबीवर तीन वर्षं लिहिलंय, घाई कशाला? कायद्याने किती वर्षांनी द्यावी लागते?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर: आप्पा, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे, पण अमुक महिन्यांनी द्या असा आकडा त्यात नाही. पुण्या-मुंबईत महापालिकेचा परवाना काढताना लसीचा दाखला मागतात. तुमच्या मळ्यात विचारायला कोणी येणार नाही. तरी दरवर्षी द्याच. तीन वर्षांचं लेबल खोटं नाही, पण रात्री कोल्ह्यांमागे धावणाऱ्या, गावच्या भटक्या कुत्र्यांशी भांडणाऱ्या शेरूसाठी मी त्यावर विसंबणार नाही. शिवाय ही लस २ ते ८ अंशांतच टिकते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. डिक्कीत टाकून आणलेली लस टोचली काय, न टोचली काय! शेरूलाच ढोरांच्या दवाखान्यात न्या.

मी इतकं कळवळून का सांगतोय? नोकरीत असताना यावल तालुक्यातल्या एका गोठ्यात गेलो होतो. गाय सारखी हंबरत होती, आवाज घोगरा, तोंडातून लाळेच्या तारा. घशात काही अडकलं असेल म्हणून घरच्या दादांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला होता. बोटावर विळ्याचा ताजा चिरा. दीड महिन्यापूर्वी घरचंच कुत्रं तिला चावलेलं, आणि त्याला लस नव्हती. गाय तिसऱ्या दिवशी गेली. दादांना मी त्याच संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. ते वाचले, पण शेवटची सुई होईपर्यंत त्यांच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कुत्रं चावलंच, तर जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लस दिलेलं कुत्रं असलं तरी डॉक्टरांना दाखवाच. पोटातल्या चौदा सुयांचं भय आता उरलेलं नाही, सुया दंडात देतात.

शेरूला याच आठवड्यात न्या. पुढे पिल्लू आणलंत तर तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी. दाखल्यावर तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या, आणि तो रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.