पोकरमध्ये माझे पत्ते समोरच्याला लगेच कळतात. ते लपवायचे कसे, आणि रेंज (एका चालीमागे असू शकणारे सगळे हात) बॅलन्स करायला सॉल्व्हर (गणितानं योग्य चाल काढणारं सॉफ्टवेअर) घ्यावा का?

चेहरा सोडा. गॉगल, टोपी, उगाच पाणी पिऊन वेळ काढणं, सगळं सोडा. पत्ते तोंडावरून फारसे कळत नाहीत, तुम्ही किती चिप्स पुढे सरकवता त्यावरून कळतात. माझे दोन वर्षं असेच कळत होते, आणि तेही साडूंना, म्हणून ठामपणे सांगतो.

आमच्याकडे गणपतीत जागरणाला पूर्वी तीन पत्ती असायची, आता होल्डेम, म्हणजे हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स) एक-दोन, प्लास्टिकच्या चिप्स, हरेल त्यानं सकाळी सगळ्यांना मिसळ आणायची. एक्क्यांची नाहीतर राजांची जोडी आली की मी १० करायचो, बाकी कशालाही ६. साडू चहाचा कप खाली न ठेवता राण्यांची जोडी सुलटी करून दाखवायचे आणि फोल्ड, म्हणजे डाव सोडून मोकळे! वर म्हणायचे, "साडूभाऊ, मोदक झाकलेत तुम्ही, पण वास सुटलाय की."

सुरुवातीचे दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यात एक्क्यांची जोडी ६ प्रकारे आणि राजांची ६. म्हणजे मी "१०" म्हटलं की माणसाला १३२६ वरून थेट १२ वर आणून सोडत होतो. मग चेहरा दगडासारखा ठेवून काय उपयोग? पुढे सगळ्यालाच ६ करायला लागलो. बॅलन्स म्हणजे मुळात एवढंच की एकाच चालीमागे भारी हातही असावेत आणि फुसकेही.

आता तो डाव, ज्यावरून सहा वर्षं मला प्रत्येक बारशाला-मुंजीला ऐकवलं जातं. माझ्याकडे किल्वर एक्का, बदाम राणी. मी ६ केले, फक्त साडूंनी बिग ब्लाइंडवरून (दोनची ब्लाइंड लावलेल्या जागेवरून) कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. पॉट, म्हणजे मधली रास, एकची सोडलेली ब्लाइंड धरून १३. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते: किल्वर दश्शी, किल्वर सत्ती, बदाम तिर्री. मी ८, त्यांचा कॉल, पॉट २९. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक दुर्री, दोघांचं चेक, म्हणजे कुणीच काही लावलं नाही. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) किल्वर अट्ठी. त्यांनी चेक केलं आणि मी पॉटएवढे, पूर्ण २९ लावले. हातात काही नाही, पण किल्वरचा एक्का माझ्याकडे, म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) त्यांच्याकडे असणं शक्यच नाही. ब्लफला याहून चांगला पत्ता कुठला? साडूंनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि दश्शीच्या एका जोडीवर कॉल केला. मिसळ मी आणली. अकरा प्लेट, भर पावसात.

त्यांचं म्हणणं, "पकडले गेलात म्हणजे चुकलात." हे साफ चूक आहे. पॉटएवढी बेट असेल तर समोरच्याला २९ घालून ५८ मिळवायचे असतात, म्हणजे तीनातून एकदा बरोबर आला तरी त्याचं फिटतं. म्हणून तिथे दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ ठेवायचा. फ्लशचे १२ प्रकार त्या बेटमध्ये घालत असाल तर ६ ब्लफ हवेत. बेट अर्ध्या पॉटची असेल तर तिनास एक, म्हणजे ४. मग तो कॉल करो की फोल्ड, त्याला काहीच वरचढ होता येत नाही. अधूनमधून पकडलं जाणं यात धरलेलंच आहे! गणितज्ञ फॉन नॉयमननं १९४४ मध्येच लिहून ठेवलंय की ब्लफ दोन कामांसाठी असतो, एक कमजोर हात भारी भासवायला आणि दुसरं, भारी हातावर समोरच्याला शंका यावी म्हणून. दुसरं काम हरलेला ब्लफच करतो.

साडू पुढे म्हणतात, "टर्नला चेक केलंत तिथेच कळलं." नाही कळलं. फ्लशचा ड्रॉ, म्हणजे फ्लशला एकच पत्ता कमी, असतानाही मी तिथे कधीकधी चेकच करतो.

आणि "चेहरा वाचतो" म्हणणाऱ्यांनी लिब्राटस बघावं. २०१७ मध्ये पिट्सबर्गला या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत १,२०,००० डावांत हरवलं. त्याला ना चेहरा, ना डोळे.

मागच्या वर्षी मला किल्वरचाच एक्का आणि छक्की आली, रिव्हरला फ्लश लागला, मी तशीच पॉटएवढी बेट केली. साडूंचा चष्मा वर गेला, कॉल आला. मिसळ त्यांनी आणली. "नशीब तुमचं," म्हणाले.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बॅलन्स लागतो तो विचार करून फोल्ड करणाऱ्या माणसासमोर. जो एका जोडीवर हमखास कॉल करतो त्याच्यावर ब्लफ करूच नये, फक्त भारी हातावर मोठं लावावं. साडू आधी राण्या टाकून द्यायचे म्हणून मी त्यांना पहिल्या जातीत धरलं होतं, रिव्हरवर ते दुसऱ्या जातीचे निघाले. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर.

सॉल्व्हर इतक्यात नको. वहीत फ्लशचे प्रकार मोजायला शिका, त्यातच महिना जाईल. पैसे लावून ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर २०२५ च्या कायद्यानं त्यावर देशभर बंदी आणली आहे, तेव्हा मिसळीवरच भागवा.