‘कट’चे अर्थ पाठ करू नका

डिक्शनरीत इंग्रजी ‘कट’चे अर्थ संपतच नाहीत, ते लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठ करत बसू नका. कटच्या मागून येणारा चिमुकला शब्द बघा, निम्मं काम तोच करतो. झाड तोडायचं तर ‘कट डाउन’, पण ‘कट डाउन ऑन शुगर’ म्हटलं की साखर कमी करायची. ‘कट इन’ म्हणजे कुणाचं बोलणं मध्येच तोडणं. ‘कट आउट फॉर’ बहुतेकदा नकारातच ऐकू येतं: ‘आय ॲम नॉट कट आउट फॉर सेल्स’, म्हणजे विक्री हा माझा पिंडच नाही.

खरी गोची वेगळीच आहे. मराठी बोलताना आपण कट इतका सर्रास वापरतो की तोच तसाच उचलून इंग्रजीत टाकतो. बोलता बोलता फोन कट झाला तर म्हणायचं ‘वी गॉट कट ऑफ’. समोरच्याने मुद्दाम ठेवला तर ‘ही हंग अप’. ‘ही कट माय कॉल’ पुण्यात चालून जातं, लंडनमध्ये खटकेल. बाइकवाल्याने कट मारला, तर अमेरिकेत ‘ही कट मी ऑफ’ आणि ब्रिटनमध्ये ‘ही कट मी अप’! सलूनमध्ये कटिंग केली, तर ‘आय गॉट अ हेअरकट’. नुसतं ‘कटिंग’ ऐकून ब्रिटिश माणसाला वर्तमानपत्राचं कात्रण आठवेल, नाहीतर कुंडीत लावायची फांदी. कटिंग चहाचं तर सोडाच.

नाम म्हणून पगारकपात हा कट आणि दलालाचा वाटाही कटच. डॉक्टरांची कट प्रॅक्टिस त्यातूनच आली. (मिसळीचा कट आणि रचायचा कट आपले घरचे, त्यांना यात ओढू नका.) ‘मेक द कट’ खास गोल्फचं. चार दिवसांच्या स्पर्धेत सहसा दोन दिवसांनी, म्हणजे 36 होल झाल्यावर, मागे पडलेल्यांना घरी पाठवतात. जे टिकले, ‘दे मेड द कट’. आता नोकरीच्या निवडयादीलाही हेच म्हणतात.

राहिलं व्याकरण. कट, कट, कट. तिन्ही रूपं एकच, ‘कटेड’ असं काही नसतं. ‘शी कट द केक’ हा भूतकाळ, कारण वर्तमानकाळात ‘कट्स’ झालं असतं. ‘दे कट द केक’ला मात्र ही खूण नाही. तिथे ‘यस्टर्डे’ आहे की ‘एव्हरी इयर’, ते शोधा.