आधी बारीक हो, मग ॲडमिशन?

(बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक बारावी सायन्स, बी ग्रूप (बायोलॉजी), 72 टक्के. 'नीट' दिली, पण मेडिकलला नंबर लागण्यासारखे मार्क नाहीत. तिला एम. एस. युनिव्हर्सिटीत फूड्स अँड न्यूट्रिशन घ्यायचं आहे. आईची विषयाला ना नाही. पण मुलीचं वजन 76 किलोवर गेलं होतं, आणि 'जाड डायटिशियनकडे कोण येणार?' असं घरचे म्हणतात. म्हणून एक वर्ष ड्रॉप घेऊन आधी वजन उतरवायचं, तोवर घरबसल्या ऑनलाइन डिप्लोमा करायचा, आणि ॲडमिशन पुढच्या वर्षी, असं ठरत आलं आहे. 'या फील्डला स्कोप किती?' असं त्या विचारतात.)

ताई, नमस्कार.

स्कोपचं नंतर लिहिते. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, आधी तिच्याबद्दल. "गेला दीड महिना ती रात्री जेवत नाही, लिंबूपाणी घेते, पाळी पुढेमागे होतेय, दोनदा चक्कर आली, पण पाच किलो उतरले." तुम्ही ही चांगली बातमी म्हणून कळवली आहे. मला ती वाचून फार काळजी वाटली.

अठरा वर्षांची मुलगी दीड महिना रात्री उपाशी झोपते आहे आणि घरातले सगळे वजनकाट्याकडे बघून खूश आहेत. हे आधी थांबवा. आज रात्री तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा, आणि ती जेवत असताना तिच्या ताटाबद्दल कुणी एक शब्द बोलू नका. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, नाहीतर सयाजी हॉस्पिटलची ओपीडी आहेच. काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त चक्कर, पाळी आणि न जेवणं या तिन्ही गोष्टी न लपवता सांगा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. अंगाने भरलेली मुलगीही त्यात असू शकते. वजन जास्त आहे म्हणून रक्त भरपूर असेल, असं काही नसतं. आणि ती जेवणाबद्दल खोटं सांगू लागली असेल, चोरून खात असेल किंवा खाल्लेलं उलटून टाकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाही मागेपुढे पाहू नका.

वजन जास्त असण्याचे धोके असतात, ते मी नाकारत नाही. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश, दोन्ही वेळा जेवून बघायचं काम आहे. ॲडमिशनची अट म्हणून ते तिच्यापुढे ठेवणं चूक आहे. युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या वेळी कुणाला काट्यावर उभं करत नाही. ही अट तुमच्या घराने घातली आहे.

तुम्ही लिहिलंत, "जिभेवर ताबा नाही तिचा, दुसऱ्यांना काय सांगणार?" 2019 मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटाने 20 माणसांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवून घेतलं. दोन आठवडे घरच्यासारखं साधं, ताजं अन्न आणि दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, वजनही वाढलं. साध्या अन्नाच्या दिवसांत ते उतरलं. त्या दोन आठवड्यांत कुणाच्या जिभेचा संयम बदलला नव्हता, समोरचं अन्न बदललं होतं. तेव्हा तुमच्या घरात कोपऱ्यावरच्या दुकानातून वेफर आणि बिस्किटांचे पुडे कोण आणतं, ते आधी बघा.

राहिलं दिसण्याचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. प्रत्यक्ष मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून चालवला आहे. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. मधुमेह आपल्याकडे इतक्या लवकर आणि इतक्या बारीक माणसांना का गाठतो, याचा एक धागा तिथून मिळाला. ज्याबद्दल तज्ज्ञ आयुष्यभर मोजून, तपासून जपून बोलतात, ते तुमच्या आत्याबाई सोफ्यावर बसून नुसत्या नजरेने ठरवतात, आणि तुम्ही त्यावर लेकीचं एक वर्ष पणाला लावता आहात.

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, "पुढे स्थळंही बघायची आहेत, वजन उतरलं तर दोन्ही कामं होतील." स्पष्ट बोलते, राग मानू नका. मला वाटतं ड्रॉपचं खरं कारण हेच आहे, आणि डायटिशियनचं निमित्त त्यावर पांघरलं गेलं आहे. मुलींना हे बरोबर कळतं. तिलाही कळलं असणार, म्हणूनच ती वाद न घालता मुकाट्याने उपाशी राहते आहे. लग्नाचा विचार करायला वेळ आहे. तो कॉलेजच्या फॉर्ममध्ये मिसळू नका.

आता तुमचा जो समज मला सगळ्यात जास्त खटकला, तो म्हणजे न्यूट्रिशन म्हणजे लोकांना बारीक करून देण्याचा धंदा. या विषयाचं केवढं मोठं काम वजन वाढवण्याचं आहे, याची तुम्हाला कल्पना नाही. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने. रुग्णांना सगळीकडेच शिधा दिला. निम्म्या गटात मात्र घरातल्या बाकीच्यांनाही माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 10,345 नातलगांवर लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी निघालं. तांदूळ आणि तूरडाळ, ताई, तुमच्या-माझ्या डब्यातलीच. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. तिथे काम करणाऱ्या माणसाला काटा पुढे सरकला की आनंद होतो. हॉस्पिटलातही तसंच आहे. डायलिसिसच्या पेशंटला कुठली भाजी चालेल, भाजलेल्या माणसाला प्रथिनं किती लागतील, नळीतून अन्न द्यायचं तर काय आणि किती, इन्सुलिनवरच्या आठ वर्षांच्या मुलाच्या शाळेच्या डब्यात काय असावं. यातल्या कुठल्याही पेशंटला डायटिशियनच्या कमरेचं माप विचारायला सवड नसते.

तुमच्या लेकीबद्दल तुम्ही दोन तक्रारी केल्या आहेत. त्या वाचून मला तिचा या विषयाकडचा कल तुमच्या सगळ्या कौतुकाच्या ओळींपेक्षा जास्त पटला.

पहिली तक्रार तेलाची. "रिकामपणचे उद्योग" असं तुम्ही म्हटलंय. तिने सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) पाच लिटरचा नवा डबा फोडला त्या दिवशी तारीख लिहून ठेवली, संपला तेव्हा पुन्हा लिहिली. पंचवीस दिवस, घरात माणसं चार. लिटरचे ग्रॅम करून तिने काढलं की दर माणशी रोज साधारण 45 ग्रॅम तेल जातं, आणि ते आकडे फ्रिजवर चिकटवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 2000 कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम आहे. हे कुणी न शिकवता तिने जे केलं, त्याला या विषयात घरगुती आहार पाहणी म्हणतात, आणि देशभरातल्या पाहण्यांची सुरुवात अशाच डबे आणि वाट्या मोजण्यापासून होते. तिच्या हिशोबात उणिवा आहेत. तळणीचं उरलेलं तेल किती टाकून दिलं? पाहुणे किती दिवस होते? रविवारचा फाफडा आणि रात्रीची सेव उसळ बाहेरची, ते तेल कुठल्या खात्यात? माणशी सरासरी काढली, पण आजी आणि बाबा सारखंच खातात का? हे प्रश्न तिच्यापुढे ठेवा. त्यांची उत्तरं शोधायला ती वही घेऊन बसली, तर तिची जागा त्या विभागात आहे.

दुसरी तक्रार, ती उलट बोलते. काकांनी कारल्याच्या रसाने शुगर पूर्ण जाते म्हणून सांगितलं आणि हिने सगळ्यांसमोर "पुरावा काय?" म्हणून विचारलं. बोलण्याची पद्धत सौम्य हवी होती, ते तिला सांगा. प्रश्न मात्र अगदी योग्य होता, आणि काकांचा मधुमेहाच्या गोळ्या सोडायचा विचार असेल तर गरजेचाही होता. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो असं दिसल्यावर त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून द्यावं, असं एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटलं होतं. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ते तपासलं. 1994 साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. तपासलं नसतं तर त्या गोळ्या आजही औषध म्हणून वाटल्या गेल्या असत्या. आहाराच्या क्षेत्रात रोज कुणीतरी छातीठोकपणे काहीतरी सांगत असतं, त्यामुळे पुरावा मागणारी माणसं इथे कमी पडतात.

ऑनलाइन डिप्लोमाचा विचार सोडून द्या. 2021 च्या कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश आरोग्यसेवेच्या मान्यताप्राप्त व्यवसायांत झाला. त्याला धरून यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स हे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरशिक्षणाने चालवायला मनाई केली आहे. तरीही दोन-तीन महिन्यांत 'सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट' करून देणाऱ्यांच्या जाहिराती येत राहतील. त्या सर्टिफिकेटवर कुठलंही चांगलं हॉस्पिटल वॉर्डात उभं करत नाही.

वाट सरळ आहे: बी.एस्सी., मग एम.एस्सी., हॉस्पिटलची इंटर्नशिप, आणि क्लिनिकलकडे जायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची, परीक्षा. संशोधन किंवा शिकवणं आवडलं तर नेट आणि पीएच.डी. तिचे बाबा सुचवतात ते बी.फार्म (औषधशास्त्राची पदवी) वाईट नाही, फक्त ते तिने मागितलेलं नाही.

पैशाचं खरं सांगते, कारण स्कोप विचारताना तुम्हाला तेच विचारायचं आहे. सुरुवातीची तीन-चार वर्षं हॉस्पिटलचा पगार बेताचा असतो. खासगी दवाखान्यांत तर डायटिशियनला अजून रिसेप्शनच्या जवळपास मोजतात. बीएस्सीवर थांबलेल्या मुलींची ओढाताण होते, म्हणून एम.एस्सी. गृहीत धरूनच खर्चाचा हिशोब करा. पुढे मोठी हॉस्पिटलं, अन्न कंपन्या, सरकारी पोषण योजना आणि संशोधन प्रकल्प अशी दारं उघडतात. पण झटपट पैसा हवा असेल तर ही वाट नाही, हे तिलाही आत्ताच सांगा.

ॲडमिशन याच वर्षी घ्या. एम. एस. युनिव्हर्सिटीचा फॉर्म गुजरात सरकारच्या जीकॅस या सामायिक प्रवेशाच्या पोर्टलवर भरायचा असतो. तारखा तिथेच बघा, शेजारच्यांच्या सांगण्यावर राहू नका. फॅकल्टीचं नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस असं आहे, 'होम सायन्स' शोधत बसाल तर सापडणार नाही. फॉर्म भरण्याआधी तिला एकदा विभागात पाठवा आणि एम.एस्सी.च्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोलू द्या. सोबत तुम्ही गेलात तरी बोलणं तिला करू द्या. आणि बडोद्यात नंबर नाहीच लागला, तर वल्लभ विद्यानगरलाही गृहविज्ञानाचं कॉलेज आहे. बडोद्याहून ये-जा करण्याजोगं अंतर आहे, तेव्हा तिथलाही फॉर्म भरून ठेवा.