परदेशी क्लायंटकडून पैसे घ्यायला पेपालऐवजी क्रिप्टो चालेल का?

तुम्ही भारतात राहून फ्रीलान्स काम करता, पेपालची कमिशन जड जाते आणि क्लायंट यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) द्यायला तयार आहे, असं लिहिलंय. पैसे येतील, तेही काही मिनिटांत. पण खरी अडचण त्यांचे रुपये करताना येते.

क्रिप्टो एक्स्चेंजवर (खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर) विकलं की १ टक्का टीडीएस कापला जातो (१ जुलै २०२२ पासून). मिळालेली रक्कम व्यवसायाचं उत्पन्न धरली जाते, आणि ठेवून नंतर भाव वाढला तर त्या नफ्यावर वेगळा ३० टक्के कर. तोटा मात्र कशातूनही वजा होत नाही. शिवाय जीएसटीत निर्यात दाखवायची तर पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयांत यावे लागतात. यूएसडीटी त्यात बसत नाही.

टेलिग्रामवर कुणी जास्त भाव देतो म्हणून थेट विकू नका, कळकळीने सांगतो. माझ्या मित्राच्या खात्यात असेच ४० हजार आले. ते कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले आणि खातं गोठलं. घराचा हप्ताही त्याच खात्यातून जायचा.

तरी घ्यायचंच असेल तर आधी नेटवर्क जुळवा, म्हणजे यूएसडीटी ट्रॉन, इथेरियम अशा ज्या जाळ्यावरून येणार, त्याच जाळ्यावरचा पत्ता द्या. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो, इथेरियमचा 'शून्य-एक्स'ने. पहिल्यांदा पाच डॉलर मागवून बघा, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत आणणारं कस्टमर केअर इथे नसतं.

मी स्वतः वाइजवरून (परदेशातून पैसे पाठवायची सेवा) किंवा थेट बँकेत वायरने घेतो.