मॅनेजर मॅडमचा ॲडव्हान्टेज

प्रश्न: नमस्कार ताई, मी एका बँकेत आहे. आमच्या मॅनेजर मॅडम रिटायर झाल्या तेव्हा मी त्यांना मेल केला, 'आय टूक फुल ॲडव्हान्टेज ऑफ यू'. मला म्हणायचं होतं की तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं, तुमचा मला फायदा झाला. मॅडम नुसत्या हसल्या, पण शेजारचा कलीग अजून चिडवतोय. नेमकं काय चुकलं? फायदा, लाभ याला इंग्लिशमध्ये कधी काय वापरायचं? आणि अव्हेल चालतं ना, आमच्याकडे सगळीकडे तेच लिहितात.
- एक वाचक, नाशिक

उत्तर: मॅडम हसल्या म्हणजे त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, तेवढं बरं झालं, कारण तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ 'मी तुमचा पुरेपूर गैरफायदा घेतला' असा होतो. टेक ॲडव्हान्टेज ऑफच्या पुढे संधी, सवलत, एखादी सोय असेल तर काही बिघडत नाही, सेलचा घ्या, सुट्टीचा घ्या, कडक ऊन पडलंय म्हणून गच्चीवर पापड वाळत घाला, बिनधास्त चालतं. पण पुढे माणूस आला, किंवा माणसाचा चांगुलपणा, भोळेपणा आला की गडबड झालीच म्हणून समजा. आपल्याकडे तरी 'त्याने तिचा फायदा घेतला' म्हटल्यावर ऐकणारा कान टवकारतोच ना, मग इंग्लिश लिहिताना आपलं लक्ष कुठे जातं कोण जाणे.

तुम्हाला हवं होतं बेनिफिट. 'आय बेनिफिटेड अ लॉट फ्रॉम युवर गायडन्स', बास. बरेच जण 'आय गॉट बेनिफिटेड' म्हणतात कारण डोक्यात 'मला फायदा झाला' चालू असतं आणि त्या 'झाला'साठी मध्ये गॉट घुसवला जातो, त्याची काही गरज नाही. आणि योजनेने शेतकऱ्यांचा फायदा झाला असेल तर सरळ 'द स्कीम बेनिफिटेड द फार्मर्स', तिथे फ्रॉम नाही आणि टू पण नाही.

कॅश इन ऑन मात्र जपून वापरा. आपण ज्याला स्वतःची पोळी भाजून घेणं म्हणतो ना, साधारण तेच. कोरोना सुरू झाला तेव्हा मास्क आणि सॅनिटायझर इतके चढ्या भावाने विकले जायला लागले की मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारला २०० मिलीच्या सॅनिटायझरला १०० रुपयांची मर्यादा घालावी लागली. त्या विक्रेत्यांबद्दल लिहा 'दे कॅश्ड इन ऑन द पॅनिक', शोभून दिसेल. स्वतःच्या बायोडेटात नको.

मेक द मोस्ट ऑफ म्हणजे संधीचं सोनं करणं. मेक द बेस्ट ऑफ दिसायला तसंच, पण ते परिस्थिती वाईट असताना, आहे त्यात निभावून नेणं. लग्नात गिफ्ट देताना हे दोन उलटसुलट करू नका एवढंच.

आता अव्हेल. आपल्याकडे 'भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा' हे इतकं अंगवळणी पडलंय की रक्तदान शिबिराच्या बोर्डावर पण 'लाभ घ्यावा' असतं (रक्त देणाऱ्याने!), आणि त्याचंच इंग्लिश भावंडं म्हणजे 'अव्हेल द ऑफर', 'लीव्ह अव्हेल्ड'. भारतातल्या ऑफिसात हे सर्रास चालतं, सर्क्युलरमध्ये पण असतं, त्यामुळे तिथे उगाच कुणाला दुरुस्त करत बसू नका. इंग्लंड-अमेरिकेत मात्र 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ द ऑफर' असं मध्ये स्वतःला घालून म्हणतात आणि ते पण जरा जडच वाटतं. आयईएलटीएस देताय किंवा परदेशी अर्ज करताय तर सुट्टीला 'टेक', सोयीला 'यूज' आणि ऑफरला 'टेक अप' लिहा, कुणी मार्क कापणार नाही.