बाबा दिवसभर माशाशी बोलतात, काळजी करायची का?

"मॅडम, बाबा माशाशी बोलतात. आमच्याशी चहा हवा का, गोळी घेतली का एवढंच, आणि त्याच्यापुढे खुर्ची टाकून तासन्‌तास." ठाण्यात मी समुपदेशन करते तिथे एका संध्याकाळी एक चाळिशीचा मुलगा हे सांगत होता आणि सांगताना त्याचा आवाज खाली खाली जात होता, जसं काही घरातलं लाजिरवाणं गुपित आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपात खूप जण विचारतात, कुणाची आई, कुणाची मुलगी, कधी स्वतःबद्दलच, म्हणून त्या घरच्यांना विचारून ही केस लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका ६४ वर्षांचे. जन्म गेला नौपाड्यात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, मग घोडबंदर रोडला मुलाकडे सतराव्या मजल्यावर. त्याच्या दीड वर्ष आधी काकू गेल्या होत्या. म्हणजे बायको गेली, कट्टा गेला, खालचा पेपरवाला गेला, आणि वर कुणी विचारलं तर "काका लकी आहात, काय व्ह्यू आहे!" मासा नातवाचा. वाढदिवसाला हट्ट करून आणलेला ऑस्कर, तेव्हा दोन इंचाचा, दुकानदाराने छोट्या टाकीत चालेल म्हणून गळ्यात मारलेला. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला, पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज जगतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभरात तो नऊ-दहा इंच झाला, नातू क्रिकेट कोचिंगला लागला, आणि दोन फुटी टाकीतला तो मासा आपोआप आजोबांच्या वाट्याला आला. त्यांनी नाव ठेवलं बंड्या.

ठिणगी पडली ती अशी की टाकीला वास यायला लागला, सुनेला दम्याचा त्रास, दुकानदार परत घेईना, तर मुलगा वैतागून म्हणाला, उपवन तलावात नेऊन सोडतो. त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मुलगा माझ्याकडे. (हे जाता जाता पण मनापासून सांगते, उपवन काय, मासुंदा काय, कचराळी काय, आपल्या तलावात घरचे मासे कृपा करून सोडू नका. ऑस्कर शिकारी मासा आहे, बाहेरचा आहे, तो तरी मरतो नाहीतर तिथल्या लहान माशांना तरी खातो.)

काका आले ते हाताची घडी घालूनच. "माझ्या डोक्याचं काही बिघडलेलं नाही." मी म्हटलं, बरं, बंड्या कसा आहे? घडी सुटली. मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या टेबलाच्या या बाजूला येऊन उभे राहिले.

व्हिडिओत आधी सून टाकीसमोरून जाते, मासा ढिम्म. मुलगा जातो, ढिम्म. मग काका येतात तसा तो तळातून उठतो आणि नुसती शेपटी नाही, अख्खं अंग हलवत काचेला येऊन भिडतो, शेपटीजवळचा तो नारिंगी कडेचा काळा ठिपका लकलकतो. काका स्टीलची डबी वाजवतात. दाणा टाकतात. तो तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि पुक्कन बाहेर थुंकतो. "हा कालचा ब्रँड नाही ना," काका मला समजावतात, "चालत नाही त्याला." पुढचा व्हिडिओ पाणी बदलल्यानंतरचा, मुलाने सफाई करताना दगड इकडचे तिकडे ठेवले होते, तर बंड्या कोपऱ्यात चक्क आडवा पडलेला. मी घाबरलेच. "रुसलाय," काका म्हणाले, "रात्री उठून सगळे दगड तोंडाने परत सरकवले त्याने, सकाळी ठीक."

ऑस्कर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हे रुसणं त्यांना पाठ असतं. फक्त एक, आडवं पडणं हे नेहमी रुसणंच असेल असं नाही, पाणी खराब झालं तरी तो तसाच पडतो, त्यामुळे आधी पाणी तपासायचं. काका तपासत होते. अमोनियाचं टेस्ट किट त्यांनी स्वतः आणलं होतं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध कधी किती थेंब ते वहीत लिहिलेलं होतं. ज्या माणसाला घरचे "हल्ली कशातच लक्ष नाही" म्हणत होते त्याची ही वही.

मी विचारलं, त्याच्याशी काय बोलता? "काही नाही हो. भाजी काय आणली, कोण वारलं, गुडघा कसा आहे. हिला सांगायचो ते." मग जरा थांबून म्हणाले, "तो बोलत नाही ते मला कळतं ना. पण बघतो तरी. घरात बाकीचे बोलतात माझ्याशी, पण बघत मोबाईलमध्ये असतात."

आता मूळ प्रश्न, काळजी करायची का. अशा वेळी मी बोलणं मोजत नाही, बाकीचं बघते. झोप कशी, जेवण कसं, अंघोळ-कपडे नीट की सुटत चाललंय, रस्ता चुकतात का, गॅस चालू राहतो का, मासा उलट काही सांगतो असं त्यांना ऐकू येतं का, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येते का. यातलं काही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि शेवटचं असेल तर लगेच, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. काकांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, ते दोन दिवसांचं न जेवणं सोडलं तर, आणि तो राग होता. सरळ राग. बायको गेल्यावर पुन्हा एकदा कुणीतरी त्यांचं माणूस त्यांना न विचारता घरातून काढत होतं, आणि हो, मी माणूसच म्हणतेय.

मुलाला हे पटेना. "पण मॅडम, मासा तो, त्याला काय कळतंय, खायला मिळतं म्हणून येतो." मी त्याला आर्चरफिशचं सांगितलं. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा मासा, त्याला माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून शिकवलं तर तो शिकलेल्या चेहऱ्यावरच पिचकारी मारतो, असा ऑक्सफर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०१६ मध्ये आलाय. ऑस्कर वेगळा मासा, तोच प्रयोग त्याच्यावर झालाय असं मी म्हणत नाहीये, पण मासा म्हणजे शोपीस ही समजूत तरी सोडायला हवी. आणि खायला मिळतं म्हणून येतो तर येऊ दे की, आपणही जेवायला हाक मारणाऱ्याच्याच जवळ जातो.

औषध असं काही दिलं नाही. चार फुटी टाकी घ्या म्हटलं, साधारण अडीचशे लिटरची, चांगल्या फिल्टरची, म्हणजे वासही जाईल, आणि दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं ते एकट्या काकांनी नाही, मुलाने पाइप धरायचा. मुलगा म्हणाला एवढंच? मी म्हटलं एवढंच, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिसऱ्या रविवारी पाइप धरलेला असताना काका सहज म्हणाले, "तुझी आई असती ना, तर म्हणाली असती, एवढा मोठा झालाय, आता तव्यावर घाला." दोघं हसायला लागले आणि मग हसता हसता मुलगा रडायला लागला, आई गेल्यापासून पहिल्यांदा, बादलीत पाणी भरून वाहून गेलं तरी कुणी पाइप बंद केला नाही. हे मला मुलाने सांगितलं, काकांनी फक्त लादी ओली झाल्याचं सांगितलं.

काकांशी मात्र मला एका गोष्टीवर नीट बोलावं लागलं, नौपाड्यातल्या मित्रांचे फोन ते उचलत नव्हते. बंड्याला एकटं कसं सोडू हे कारण. मासा दोन-तीन तास एकटा राहतो हो काका, म्हटलं. त्यांना पटलं होतं, पण जुन्या गल्लीत पत्रे लावलेले बघायचे नव्हते. त्याला वेळ लागला. आता गुरुवारी मासुंदाच्या काठी, तलावपाळीवर भेटतात.

आणि बंड्या कधीतरी जाईल, हेही आम्ही बोललो. नेरूळची एक मुलगी माझ्याकडे यायची, तिचा फ्लॉवरहॉर्न गेला तर ऑफिसात सगळे म्हणाले मासाच होता ना, दुसरा आण, आणि ती वॉशरूममध्ये जाऊन रडायची. ज्या दुःखाला चारचौघांत जागा मिळत नाही त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं, तेव्हापासून आमच्या क्षेत्रात त्याला नाव आहे, डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ, पण घराघरात अजून नाही. कुणाचा मासा गेला तर निदान नाव विचारा त्याचं.

काका यंदा गणपतीला आठ दिवस गावी गेले, दोन वर्षांनी. जाताना टाकीवर कागद चिकटवला. सकाळी आठ दाणे, संध्याकाळी सहा. दगड हलवू नये. रुसल्यास रागावू नये, दिवा बंद करून जवळ बसावे. पहिले दोन दिवस बंड्याने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सून खुर्ची टाकून बसली, डबी वाजवली, त्याने दाणा घेतला, थुंकला, परत घेतला. तिने व्हिडिओ पाठवला तेव्हा गावात रेंज फक्त विहिरीपाशी, काका आरती सोडून तिथे जाऊन उभे होते.