बोक्याचं सलाईन घरी द्यायचं, की एफडी मोडायची?

साताऱ्यातून, शाहूपुरीतून एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय. थोडक्यात असं, की त्यांचा तेरा वर्षांचा बोका बंड्या, त्याला दीड वर्षापासून शुगर आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू आहे, आणि आता किडनीचंही निघालं, क्रिएटिनीन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्तातली पातळी) ३.४. डॉक्टर म्हणतात दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं. क्लिनिकमध्ये एका वेळचे ४५० रुपये, नाहीतर घरी शिका. ताई खाजगी शाळेत शिक्षिका, मिस्टर एमआयडीसीत, मुलगी अकरावीत. घराचा हप्ता, क्लास, किराणा सगळं जाऊन महिन्याला ९,००० उरतात, सेव्हिंगला ५५,००० आहेत आणि २ लाखांची एक एफडी, ती पुढच्या जूनला मुलीच्या ॲडमिशनसाठी. सुईची भीती वाटते म्हणून क्लिनिकमध्येच न्यावं असं ताईंना वाटतंय आणि त्यासाठी एफडी मोडू, की यंदा मेडिक्लेमचा हप्ता सोडून देऊ, असं विचारलंय. शिवाय सासूबाई म्हणतात मांजरावर कोण एवढा खर्च करतं.

ताई, आधी मेडिक्लेमचं बोलतो, कारण तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये धोक्याची ओळ तीच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मिस्टरांना बीपी आहे आणि पॉलिसीला दोन वर्षं झालीत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा तीन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे ना, तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, त्यातली दोन वर्षं तुम्ही हप्ते भरून कमावलीत. हप्ता चुकला, ग्रेस पिरियडही गेला, की ती दोन वर्षं पाण्यात आणि नवीन पॉलिसी घेताना परत पहिल्यापासून मोजायला सुरुवात, तेही कंपनीने घेतलं तर. एक वर्ष गॅप घेऊ असं त्यात नसतं हो. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्यांच्या मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे कंपनीने मूळ हप्ता वाढवला नसेल तर रिन्यूअलचा आकडा कमीच यायला पाहिजे, तो एकदा बघून घ्या. पण भरायचा म्हणजे भरायचा.

आता बंड्या.

तुम्ही दिलेलेच आकडे मी वहीत मांडले. इन्सुलिन ८००, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स ९००, खाणं २,८००, रक्ततपासणीचे महिन्याला सरासरी १,५००, म्हणजे ६,००० तर सलाईन कुठेही द्या, लागणारच आहेत. त्यावर क्लिनिकचे ४५० अधिक जाण्यायेण्याचं पेट्रोल ६० असे महिन्यातून पंधरा वेळा धरले तर ७,६५०. एकूण १३,६५०. तुमच्याकडे उरतात ९,०००, म्हणजे दर महिन्याला साडेचार हजाराच्या वर खड्डा, आणि तो एफडीतून भरत बसलात तर वर्षाला पंचावन्न हजार नुसते त्यातच जातील.

घरी दिलं तर? एका वेळी १०० मिली सांगितलंय ना, ५०० मिलीच्या आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, हेच ते सलाईन) बाटल्या महिन्याला तीन, वाया जाणारं धरून चार-पाच, सेट, सुया, कापूस, मेडिकलवाल्याने तुम्हाला सांगितलेल्या भावाने सगळं मिळून ७०० च्या आत बसतंय. एकूण ६,७००. नऊ हजारात बसून वर २,३०० शिल्लक. वर्षाचा फरक ८३,४०० होतो ताई, तुमच्या एफडीच्या चाळीस टक्क्यांच्या वर.

म्हणून माझं मत सरळ आहे, घरी शिका. पण लगेच उद्यापासून नको. पहिली तीन-चार वेळा क्लिनिकमध्येच ४५० देऊन, डॉक्टरांसमोर तुमच्या हातानं सुई टोचा, ते पैसे फीचे समजा. दोन खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई त्या तंबूत, बाटली वर टांगलेली, पाच-दहा मिनिटात काम होतं, आधी बाटली कोमट पाण्यात धरून ठेवली की मांजर कमी वैतागतं. पाठीवर उंटासारखा फुगा येतो, कधी घसरून पुढच्या पायाकडे जातो, काही तासात जिरतो, घाबरून त्या फुग्यासाठी परत क्लिनिक गाठू नका. पण श्वास जोरात चालायला लागला किंवा आधीचं पाणी जिरलंच नाही तर पुढचं द्यायचं नाही, सरळ डॉक्टरांना फोन. हृदयाचं काही असेल तर जादा पाणी झेपत नाही, म्हणून घरी सुरू करायच्या आधी छाती तपासून घेतली का ते विचारा. आणि रोज इन्सुलिन तुम्हीच टोचताय की दीड वर्ष! त्या मानाने सलाईनची सुई जाड असते एवढंच. बारीक मागाल तर पाणी थेंबथेंब जातं आणि बोका कंटाळून उठून जातो, त्यामुळे गेज, म्हणजे सुईची जाडी, डॉक्टर सांगतील तीच घ्या.

काटकसर कुठे करायची नाही ते नीट वाचा, कारण इथे वाचवलेले पन्नास रुपये पुढे वीस हजाराला पडतात. सुई प्रत्येक वेळी नवी. उघडलेली बाटली किती दिवस चालवायची ते डॉक्टरांना विचारून बाटलीवरच तारीख लिहा, पाणी गढूळ दिसलं तर फेकून द्या. मेडिकलमध्ये बाटली घेताना लेबल वाचा, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, शेजारीच तशाच दिसणाऱ्या डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या बाटल्या असतात, आणि शुगरच्या बोक्याला ती दिली म्हणजे झालंच. तसंच इन्सुलिनच्या सिरिंजचं. आपल्याकडे यू-४० आणि यू-१००, म्हणजे एका मिलीत ४० आणि १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या, दोन्ही मिळतात, लाल टोपीची आणि केशरी टोपीची, आणि तुमचं इन्सुलिन, ग्लार्जिन, यू-१०० आहे. ते चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ५ युनिट जातात, अडीचपट. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकू शकतं, म्हणजे शुगर खाली जायची भीती तशीही वाढलेली, त्यामुळे जुनाच डोस चालू ठेवायचा का हे या आठवड्यातच विचारा. स्ट्रिप्सच्या ९०० रुपयांना हात लावू नका, ॲडमिटचा खर्च टाळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

खाण्यात मात्र पैसे वाचतील. शुगरच्या मांजराला जास्त प्रोटीन कमी कार्ब लागतात, किडनीच्या खाण्यात प्रोटीन आणि फॉस्फरस कमी असतं आणि कार्ब बऱ्याचदा जास्त, म्हणजे दोन आजार ताटात भांडतात. तुम्ही दोन्ही प्रकारच्या पिशव्या आणताय असं बिलावरून दिसतंय. डॉक्टरांकडून एकच काय ते ठरवून घ्या आणि लहान पाकीटच आणा, किडनीची मांजरं एक दिवस आवडीने खातात आणि दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतात, मग दोन किलोची पिशवी शेजारच्या भटक्या मांजरांना. सलाईनचा अख्खा बॉक्सही एकदम घेऊ नका, डोस बदलतो. घ्यायचाच असेल तर न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, हे आधी विचारा.

आता खरा पैशाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. ७०० रुपयांनी तुमचं घर हलणार नाही. घर हलतं ते एखाद्या रात्री बोका खायचा बंद झाला, उलट्या, मान टाकली, केटोन (शुगर बिघडली की रक्तात साठणारं आम्ल) वाढले आणि ॲडमिट करा म्हणाले की. तेव्हा आपण काउंटरवर उभे असतो आणि कुणी आकडा विचारत नाही, आपणच कार्ड काढतो. मी काढलंय. माझी मांजर पाच दिवस ॲडमिट होती, ५८,००० झाले, सहाव्या दिवशी ती गेली, आणि मी, लोकांना कार्डाचं व्याज समजावून सांगणारा माणूस, महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ते बिल दीड वर्ष फेडत होतो, साडेचार-साडेचार हजार करून, एकूण ऐंशी हजाराच्या घरात. डॉक्टरांची काही चूक नव्हती. मी आधी काही ठरवलेलंच नव्हतं.

तर तुम्ही ठरवा, आत्ता, बंड्या बरा असताना, चौघं बसून. सेव्हिंगमधले १५,००० वेगळ्या खात्यात टाका आणि उरणाऱ्या २,३०० मधले १,५०० दर महिन्याला त्यातच. बाकीचे ४०,००० माणसांचे आहेत, त्याला हात नाही. एका वेळच्या ॲडमिटला ३०,००० ही मर्यादा ठेवा असं मी म्हणेन, तुम्ही पंचवीस ठरवा नाहीतर पस्तीस, पण आकडा कागदावर पाहिजे आणि तो डॉक्टरांनाही आधी सांगून ठेवायचा, की डॉक्टर आमची ऐपत एवढी आहे, त्यात जे सगळ्यात उपयोगाचं ते करा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. खातं भरायच्या आतच वेळ आली तर एफडी मोडू नका, तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल, घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो, पण वापराल तेवढ्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज, आणि जूनपर्यंत एफडी जागेवर राहते. मोडली तर व्याजात अर्धा-एक टक्का दंड आणि मोडलेले पैसे परत कधी भरले जात नाहीत हा माझा वीस वर्षांचा अनुभव. पेट इन्शुरन्सचं विचारलंय, तर आता निघालेला आजार त्यात धरत नाहीत, तो विषय सोडा. इन्कम टॅक्सच्या ८०डी मध्येही (मेडिक्लेमच्या हप्त्याची वजावट) बंड्या बसत नाही, आई-वडील बसतात.

किती दिवस चालेल? क्रिएटिनीन ३.४ म्हणजे बोका स्थिर असताना मोजलेलं असेल तर किडनीच्या आजाराची तिसरी स्टेज, २.९ ते ५ च्या मधली, काही मांजरं यात काही महिने काढतात, काही वर्षं. मी हिशोब बारा महिन्यांचा धरलाय, तीन महिन्यांनी परत मांडू. दुसरं मत हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणेवाडीचा टोल, खंबाटकी घाट ओलांडून दिवसाचं काम. पण ते एकदा, दर पंधरवड्याला म्हाताऱ्या बोक्याला पिंजऱ्यात घालून घाट चढवू नका.

एक खर्च तुमच्या यादीत नाही. दिवाळीला माहेरी गेलात, गावची जत्रा आली, तर बारा तासांचं इन्सुलिन आणि दिवसाआडचं सलाईन कोण देणार? चार दिवस क्लिनिकमध्ये ठेवायचं म्हटलं तर परत तेच पैसे. म्हणून एकट्या शिकू नका, मुलीला बरोबर न्या, अकरावीतल्या पोरीचे हात आपल्यापेक्षा स्थिर असतात. आणि सासूबाईंना हा ६,७०० चा कागद दाखवा, एफडी जागेवर, मेडिक्लेम जागेवर, हे त्यांना दिसू द्या. त्यांना मांजराचा राग नसावा, नातीच्या ॲडमिशनची काळजी असावी, आणि ती काळजी चुकीची नाही. जमलं तर बाटली धरायचं काम त्यांनाच द्या, खिळा नसला की कुणीतरी धरायला लागतंच.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून क्लिनिकमध्येच परत द्या, घंटागाडीत नको. आणि एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो का ते या आठवड्यातच बँकेत जाऊन विचारून या, लागो न लागो.